मूल इथे, फोटो तिथे

जर्मनीतल्या बॉन शहरात एका मदतसंस्थेच्या पाटीवर पश्चिम रेल्वेचं एक स्टेशन आहे. ‘अंधेरी हिल्फे’, म्हणजे अंधेरीला मदत. रोझी गोलमान या शिक्षिकेने १९६७ साली ही संस्था काढली. निमित्त होतं अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोडवर असलेल्या सेंट कॅथरिन्स होममधल्या मुलांचं. संस्थेचं काम पुढे कुठल्या कुठे पसरलं, नावात मात्र अंधेरी राहिली.

त्याच सुमारास, वेगळ्या मार्गाने, भारतातली मुलं दत्तक म्हणून युरोप-अमेरिकेत जाऊ लागली होती. तो मार्ग आजही खुला आहे, पण त्यावरून जाणाऱ्या कुटुंबाला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. न्यू जर्सीतली सून आणि मुलुंडची सासू रोज फोनवर एकमेकींना एकच प्रश्न विचारतात: “काही कळलं का?” हे थांबणं सरसकट एकच नसतं. मुलाचा फोटो येण्याआधीचं थांबणं वेगळं आणि फोटो आल्यानंतरचं वेगळं. पहिल्याला बऱ्यापैकी सबळ कारणं आहेत. दुसऱ्याला तितकी नाहीत, असं माझं मत आहे.

आधी कायद्याचा इतिहास थोडक्यात. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा हिंदूंसाठी होता. बौद्ध, जैन आणि शीख त्यातच धरलेले. बाकीच्यांसाठी उरला १८९० चा पालक व पाल्य कायदा. त्याखाली कोर्ट फक्त पालकत्व देई. बोरिवलीचं ख्रिस्ती जोडपं असो, दादरचं पारशी जोडपं असो की स्टॉकहोमचं स्वीडिश, मुंबईच्या कोर्टातून त्यांना तेवढंच मिळे. परदेशी जोडपं मग मुलाला घेऊन जाई आणि आपल्या देशाच्या कायद्याने दत्तक घेई. पण तिथे पोचल्यावर ते दत्तक झालंच नाही तर? मूल भारताचं नागरिक, राहतं परक्या देशात, आणि आई-वडील म्हणावेत असे कागदावर कुणीच नाहीत. ही फट खरीखुरी होती आणि तिचा फायदा घेणारेही होते.

१९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. परदेशी दत्तकाच्या नावाखाली संस्था आणि मध्यस्थ काय काय करतात याची ती तक्रार होती. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं, आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी जो निकाल दिला तो पुढची अनेक वर्षं या क्षेत्राचा जवळजवळ कायदाच होता. त्याचा गाभा असा: मुलासाठी आधी भारतातच घर शोधायचं, परदेशी कुटुंबाने थेट यायचं नाही, आपल्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत यायचं, त्या कुटुंबाची घरी जाऊन पाहणी व्हायची, आणि इथल्या कोर्टाला प्रत्येक प्रकरणात दत्तकाच्या व्यवहाराशी संबंध नसलेल्या समाजकल्याण संस्थेने स्वतंत्र मत द्यायचं. मुंबई उच्च न्यायालयात ही छाननी इंडियन कौन्सिल ऑफ सोशल वेल्फेअर ही संस्था करत असे. १९९० मध्ये दिल्लीत केंद्रीय दत्तक संस्था उभी राहिली. तिला सगळे ‘कारा’ म्हणतात.

त्या आधीच्या काळात गोष्टी किती झटपट होत याचं एक प्रसिद्ध उदाहरण क्रिकेटमध्ये आहे. लिसा स्थळेकर. १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात जन्म, आणि ससून रुग्णालयाशी जोडलेल्या श्रीवत्स या बालसंगोपन केंद्रात मुक्काम. मुंबईत जन्मलेले हरेन स्थळेकर आणि त्यांच्या इंग्रज पत्नी सू यांनी तिला दत्तक घेतलं तेव्हा ती अवघी तीन आठवड्यांची होती. पुढे कुटुंब सिडनीत स्थिरावलं, लिसा ऑस्ट्रेलियाकडून खेळली आणि एकदिवसीय सामन्यांत हजार धावा करून शंभर बळीही घेणारी पहिली स्त्री ठरली. १७ फेब्रुवारी २०१३ रोजी चर्चगेटजवळच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाने विश्वचषक जिंकला, तेव्हा वेस्ट इंडिजच्या शेवटच्या गड्याचा झेल तिनेच घेतला.

आज तीन आठवड्यांत हे होणं अशक्य आहे, आणि ते चांगलंच आहे. आई स्वतः येऊन बाळ सोपवते तेव्हा कायदा तिला दोन महिने देतो. त्या मुदतीत तिचं मन बदललं तर बाळ तिचंच. ज्या मुलीला लग्नाआधी दिवस गेले, घरच्यांनी दुसऱ्या गावी नेऊन ठेवलं आणि प्रसूतीनंतर चार दिवसांत सही करायला लावली, तिच्यासाठी हे दोन महिने म्हणजे स्वतःच्या मनाने ठरवण्याची बहुधा एकमेव संधी. मूल कुठे सोडून दिलेलं सापडलं तर बाल कल्याण समितीपुढे आणतात, वर्तमानपत्रात फोटोसह निवेदन देतात आणि पोलीस शोध घेतात. दोन वर्षांखालच्या मुलासाठी ही मुदत दोन महिने, मोठ्यासाठी चार. कुणीच पुढे आलं नाही तर समिती मुलाला ‘दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त’ जाहीर करते. संस्थांमधल्या बोलण्यात हे फार सुटसुटीत होतं: “मूल फ्री झालं.”

फ्री झालेल्या मुलाचा पहिला हक्क इथल्या घरांवर. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार साठ दिवस भारतीय आणि अनिवासी भारतीय कुटुंबांकडे प्रयत्न करायचा आणि कुणी मिळालं नाही तरच मूल आंतरदेशीय दत्तकाला खुलं. अपंग मुलं, भावंडांच्या जोड्या आणि पाच वर्षांवरची मुलं यांना आंतरदेशीय दत्तकासाठी इतर मुलांपेक्षा प्राधान्य देता येतं, असंही कायदा म्हणतो. या वाक्यात सगळी मेख आहे, तिच्याकडे पुन्हा येऊ.

इतके कागद का, असं विचारणाऱ्याला पुण्याचं उत्तर द्यावं लागतं. तिथल्या प्रीत मंदिर या संस्थेवर पैशांसाठी मुलं परदेशी पाठवल्याचे आरोप झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये चौकशी सीबीआयकडे दिली. त्या वेळची पद्धतच अशी होती की जोडपं एका संस्थेत नाव नोंदवी, त्याच संस्थेच्या ताब्यात मुलं असत आणि कुणाला कोणतं मूल द्यायचं हेही तीच ठरवी. चांगल्या संस्थेत अनुभवी समाजसेविका घर आणि मूल यांची जोडी विचारपूर्वक जमवत. वाईट संस्थेत देणगीचा आकडा ती जमवे. ऑगस्ट २०१५ पासून देशभराची नोंदणी ‘केअरिंग्ज’ या एकाच ऑनलाइन व्यवस्थेत आली. कांजूरमार्गचा वात्सल्य ट्रस्ट असो की महालक्ष्मीचा बाल आशा ट्रस्ट, संस्थेने आपल्या मुलाची माहिती भरायची आणि क्रमांकानुसार ज्याची पाळी त्याला मूल दाखवलं जायचं. वाईट संस्थेचे हात बांधले गेले, तसे चांगल्या समाजसेविकेचेही. माझ्या मते सौदा एकंदरीत फायद्याचा होता, पण तो फुकट मिळालेला नाही हे विसरू नये.

आता रांग. २०२५ च्या मध्यावर केअरिंग्जवर ३६,००० हून अधिक इच्छुक पालक नोंदलेले होते आणि फ्री झालेली मुलं होती सुमारे २,६५०. त्यांतली निम्म्याहून जास्त विशेष गरजा असलेली. म्हणजे घाटकोपरच्या जोडप्याला हवं असतं ते दोन वर्षांच्या आतलं निरोगी बाळ त्यांत मोजकंच, आणि त्यासाठी रांगेत उभे हजारो. सरासरी प्रतीक्षा साडेतीन वर्षांवर गेली ती यामुळे. देशांतर्गत दत्तकाचा आकडा २०१०-११ मध्ये ५,६९३ होता. नंतर तो बराच खाली आला आणि २०२४-२५ मध्ये ४,१५५ वर पोचला. त्या वर्षी परदेशी गेलेली मुलं ३६०. देशात सर्वाधिक दत्तकं होणारं राज्य वर्षानुवर्षं महाराष्ट्रच आहे.

नोंदणीतली एक अट वेळेशी थेट जोडलेली आहे. दोन वर्षांखालचं बाळ हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या आत लागते. आई किंवा वडील एकटे असतील तर वय ४० पर्यंत. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी हीच बेरीज १०० पर्यंत चालते. आधी सात-आठ वर्षं दवाखान्याच्या फेऱ्या, मग मन तयार व्हायला दोन वर्षं, मग नोंदणी, असा आपल्याकडचा सर्वसाधारण प्रवास. वय तिथेच वाढून बसलेलं असतं.

परदेशातल्या मराठी कुटुंबाची स्थिती पासपोर्टवर ठरते, घरात कोणती भाषा बोलतात त्यावर नाही. एकाच सोसायटीत वाढलेले दोन भाऊ घ्या. धाकटा दुबईत, भारतीय पासपोर्टवर. तो अनिवासी भारतीय, म्हणून रांगेत घाटकोपरच्या जोडप्याच्या बरोबरीने उभा. थोरल्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे, गणपतीत तो दरवर्षी येतो, पण दत्तकात त्याची गणना परदेशींबरोबर. परदेशींमध्ये त्याला प्राधान्य आहे, मात्र साठ दिवस इथल्या घरांकडे फिरून आलेल्या मुलांमध्येच. आणि निरोगी तान्हं बाळ साठ दिवस फिरत राहत नाही. पहिल्या-दुसऱ्या कुटुंबातच ते थांबतं.

म्हणून मघाचं वाक्य महत्त्वाचं. परदेशी जाणारी मुलं बहुतेक करून ती असतात ज्यांना इथे कुणी ‘हो’ म्हटलेलं नसतं. सहा वर्षांचा मुलगा आणि त्याची चार वर्षांची बहीण. कमी ऐकू येणारी मुलगी. हृदयाला छिद्र असलेलं बाळ. फाटलेल्या ओठाचं बाळही, ज्याची शस्त्रक्रिया मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात होते. परदेशी लोक आपली मुलं पळवतात, अशी कुजबुज आपल्याकडे अजून ऐकू येते. जुन्या प्रकरणांपुरती तिच्यात तथ्य होतं. आजच्या आकड्यांकडे पाहिलं तर प्रश्न उलटा विचारावा लागतो: या मुलांना मुलुंड-बोरिवलीत घर का मिळत नाही? याला केअरिंग्ज जबाबदार नाही, कारा नाही, कोर्टही नाही. वयाच्या आणि आजाराच्या रकान्यात आपणच काय भरतो ते पाहावं.

दरम्यान जगभर हा मार्ग अरुंद होत चालला आहे. अमेरिकेत २००४ मध्ये परदेशांतून जवळपास २३,००० मुलं दत्तक आली होती; २०२३ मध्ये १,३०० देखील नाहीत. चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये आंतरदेशीय दत्तक बंद केलं. नेदरलँड्सने ते टप्प्याटप्प्याने संपवायचं ठरवलं आहे. जुन्या गैरव्यवहारांच्या चौकशांनी तिथलं सरकार हादरलं. भारताने आंतरदेशीय दत्तकाचा हेग करार २००३ मध्ये मंजूर केला आणि दार बंद न करता त्यावर कुलपं वाढवली. अमेरिकेत मुलं पाठवणाऱ्या देशांत तो आता पहिल्या काहींत मोजला जातो.

त्या कुलपांपाशी, फोटो आल्यावर, दुसरी प्रतीक्षा सुरू होते.

परदेशातल्या जोडप्याला रेफरल येतो तेव्हा फोटो, मुलाचा सामाजिक अहवाल आणि वैद्यकीय अहवाल एकत्र येतात. राखून ठेवायला ९६ तास. मग स्वीकारायला ३० दिवस. तेवढ्यात अहवाल तिथल्या डॉक्टरला दाखवायचे, शंका विचारायच्या, सही करायची. सही झाली की मूल मनाने त्यांचं झालं. बारशाचं नाव ठरतं, बोरिवलीची आजी दुपटी काढून ठेवते. यानंतर त्यांच्या देशाने हेग करारानुसार संमती द्यायची, मग काराने ना-हरकत पत्र द्यायचं, मग अर्ज दत्तकाच्या हुकमासाठी जायचा, हुकूम झाला की जन्मदाखला, पासपोर्ट, काराचं अनुरूपता प्रमाणपत्र, शेवटी व्हिसा. प्रत्येक टप्प्याला नियमात दिवस ठरवून दिले आहेत. हुकूमसुद्धा अर्जापासून दोन महिन्यांत व्हावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात एका टप्प्याची फाइल अडली की अमेरिकन बाजूच्या कागदाची मुदत उलटते, तो नव्याने काढायचा, बोटांचे ठसे पुन्हा द्यायचे.

इथे देशी आणि परदेशी कुटुंबांत एक मोठा फरक आहे, तो फारसा कुणाला माहीत नसतो. घाटकोपरच्या जोडप्याने मूल स्वीकारलं की काही दिवसांत ते दत्तकपूर्व संगोपनासाठी त्यांच्या घरी येतं. हुकूम मागाहून होतो. तोवर मूल आजीच्या मांडीवर वरण-भात खात असतं, आणि फाइल रेंगाळली तरी त्याला त्याचा पत्ता नसतो. परदेशी कुटुंबाचं मूल हुकमाशिवाय देश सोडू शकत नाही, आणि सोडू नये हे १९८४ चाच धडा सांगतो. ना-हरकत पत्रानंतर त्यांनाही मूल संगोपनासाठी मिळू शकतं, पण भारताच्या आत. म्हणजे नोकरीतून बिनपगारी रजा काढून दोघांपैकी कुणी तरी अंधेरी किंवा कांजूरमार्गला खोली भाड्याने घेऊन राहायचं. ज्यांना ते जमत नाही त्यांच्या मुलाची वाढ तिकडे व्हिडिओ कॉलवर दिसते. अकरा महिन्यांचं स्वीकारलेलं बाळ संस्थेतच चालू लागतं. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबली तेव्हा हुकूम हातात असलेली कुटुंबंही अशीच पडद्यावर अडकली.

या टप्प्यात मुलाला कुणापासून वाचवायचं शिल्लक नसतं. आईला विचार करायला वेळ देऊन झालेला असतो, शोध घेऊन झालेला असतो, इथली घरं विचारून झालेली असतात, जोडप्याची पाहणी झालेली असते. उरलेली असते ती सहीची वाट. फोटोनंतरचा प्रत्येक महिना मूल संस्थेत काढतं, आणि लहान वयात संस्थेत काढलेला काळ बोलणं, झोप, माणसाला चिकटणं या सगळ्यावर उमटतो हे बालविकासाच्या अभ्यासात पक्कं झालं आहे.

हे अधिकाऱ्यांना कळलं नाही असं नाही. २०२१ ची दुरुस्ती त्यासाठीच होती: हुकमाचा अधिकार कोर्टाकडून काढून जिल्हाधिकाऱ्यांकडे. १ सप्टेंबर २०२२ पासून ती लागू झाली. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या सगळ्यांचे कागद आता फोर्टमधल्या कोर्टाऐवजी वांद्रे पूर्वेला मुंबई उपनगर जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. मग कोर्टात आधीच पडून असलेल्या अर्जांचं काय? राज्य सरकारने तेही जिल्हाधिकाऱ्यांकडे वळवायला सांगितलं. सुनावणीच्या उंबरठ्यावर असलेली प्रकरणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार, या भीतीने पालक उच्च न्यायालयात गेले आणि १० जानेवारी २०२३ रोजी खंडपीठाने ती प्रकरणं वळवण्याला स्थगिती दिली. वेग वाढवणाऱ्या सुधारणेने पहिला फटका रांगेत सर्वात पुढे असणाऱ्यांनाच दिला होता. जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर निवडणूक असते, पूर असतो, भूसंपादन असतं. दत्तकाची फाइल या सगळ्यांत पातळ दिसते.

रांग टाळायची म्हणून नात्यातलं मूल घेण्याचा विचार अनेक मराठी घरांत होतो. अमेरिकेतल्या थोरल्याला मूल नाही, इथे धाकट्या भावाला तिसरं झालं, “आपल्याच रक्ताचं आहे,” म्हणून भटजी बोलावून दत्तकविधान होतं, दस्त नोंदवला जातो. १९५६ च्या कायद्याने ते दत्तक खरंही असतं. पण पासपोर्ट आणि व्हिसाच्या खिडकीवर कळतं की परदेशी न्यायचं तर काराचं ना-हरकत पत्र लागतं. पूर्वी अशा प्रकरणांना नियमच नव्हते, लोक कोर्टात खेटे घालत. सप्टेंबर २०२१ मध्ये ते नियम आले. बाल न्याय कायद्याखाली नातलगाचं दत्तक हा दुसरा रस्ता आहे, पण त्यात नातलग म्हणजे मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. आपल्याकडे चुलतभाऊ हा भाऊच असतो. कायद्यात त्याचं मूल परकं.

उलट्या दिशेने आणणं तर आणखी कठीण. अमेरिकेत २०१९ मध्ये जन्मलेल्या, म्हणून जन्मानेच अमेरिकन असलेल्या भाच्याला इथे दत्तक घेऊ पाहणाऱ्या एका जोडप्याची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. मूल काही महिन्यांचं असल्यापासून त्यांच्याकडेच वाढत होतं. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांच्या खंडपीठाने म्हटलं की परदेशी नागरिक असलेलं मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क कुणा भारतीयाला नाही; आधी अमेरिकेच्या कायद्याने दत्तक पूर्ण करा, मग मुलाला परदेशी दत्तक मूल म्हणून भारतात आणण्याची प्रक्रिया करा. भारतातून परदेशात मूल पाठवायला सविस्तर नियम आहेत, परदेशातून इथे आणायला जवळजवळ नाहीत. इतकी वर्षं आपण स्वतःला मुलं पाठवणारा देशच समजत आलो, त्याचा हा परिणाम.

विमान उतरलं तरी कागद संपत नाहीत. दोन वर्षांत सहा अहवाल पाठवावे लागतात, पहिल्या वर्षी दर तिमाहीला आणि दुसऱ्या वर्षी सहामाहीला. त्यानंतर मुलाची फाइल इथल्या संस्थेत जपून ठेवायची असते, कारण अठरा पूर्ण झाल्यावर ते मूल आपला जन्म शोधत येऊ शकतं. नियमांत त्याचा अधिकार आहे, मात्र सोपवून गेलेल्या आईचं नाव तिच्या संमतीशिवाय सांगता येत नाही. हा नियम नसताना, १९७३ मध्ये पुण्याच्या एका महिला संस्थेतून जर्मनीला गेलेल्या मुलाने मोठेपणी येऊन स्वतःची फाइल मागितली होती. संस्थेने नकार दिला, तो कोर्टात गेला आणि अनेक वर्षं भांडला. आई त्याला भेटली तेव्हा २०१० साल उजाडलं होतं.